एका वर्षाचा अनुभव

जानेवारीतल्या त्या शनिवारी ओंटारिओतल्या मिल्टनहून निघायला जाईला आणि तिच्या आजोबांना वीस मिनिटं उशीर झाला. ड्राइव्हवेवरचा बर्फ कुणी शोव्हल करायचा यावरून दोघांचं वाजलं होतं. हेमचंद्र घटाटे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आल्यापासून त्यांना फावड्याला हात लावायची बंदी होती. जाईनं नवा काळा ब्लेझर आणि इस्त्रीची पँट घातली होती, तरी तिनंच शेवटी बर्फ काढला. आबा गॅरेजच्या दारात उभे राहून सूचना देत होते.

"कमरेतून वाकू नकोस. गुडघ्यातून."

"आबा, प्लीज."

जाई वीस वर्षांची, हॅमिल्टनला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आई उल्का फार्मसिस्ट आणि शनिवारी तिची पहिली शिफ्ट. बाबा क्वेसी आसामोआ घानाचे, लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक, आणि त्या दिवशी त्यांची ऑन-कॉल ड्यूटी होती. जाईला हायवेवर एकटीनं गाडी चालवायचं लायसन्स अजून मिळायचं होतं. तेव्हा तिला एटोबिकोला पोचवायचं काम आबांनी अंगावर घेतलं. विमानतळाजवळच्या एका हॉटेलात ब्लॅक इंजिनिअर विद्यार्थ्यांची करिअर कॉन्फरन्स होती. चाळीसेक कंपन्या येणार होत्या आणि तिथल्या तिथे इंटरव्ह्यू होणार होते.

जाईनं फॉर्म भरून तीन आठवडे तो पाठवला नव्हता. मराठी मंडळाच्या गणपतीत तिचे कुरळे केस पाहून नवीन आलेल्या बायका आपसात विचारायच्या, ही कुणाची गं? आणि कॉलेजातल्या ब्लॅक स्टुडंट्स क्लबमध्ये पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं होतं, तू अर्धी काय आहेस? दोन्हीकडचे लोक तसे चांगलेच होते. पण प्रत्येक ठिकाणी आधी खुलासा करायचा तिला कंटाळा यायचा. शेवटी तिनं फॉर्म पाठवला तो बाबांमुळे. ते म्हणाले होते, "तुला तिथे कुणी हाकलून दिलं तर मला फोन कर. मी येऊन जेवून जाईन, तिकिटाचे पैसे वसूल करीन."

फोर-ओ-वन हायवेवर बर्फ भुरभुरत होता. आबा उजव्या लेनमधून सावकाश गाडी चालवत होते. मिसिसागा आल्यावर त्यांनी रेडिओ बंद केला.

"जाई, तुला एक सांगायचं आहे. तू आत जायच्या आधी सांगायला हवं."

"काय?"

"तुझा बाबा इंजिनिअर आहे, माहीत आहे ना?"

"हो. कुमासीची डिग्री. पण इथे इंजिनिअरचं लायसन्स नाही मिळालं. तो म्हणतो, सिस्टम."

"सिस्टम होतीच," आबा म्हणाले. "तेव्हा नियम असा होता की इथला एक वर्षाचा अनुभव लागायचा, तोसुद्धा लायसन्स असलेल्या इंजिनिअरच्या हाताखाली. आता तो नियम गेला. पण तेव्हा होता. आणि माझ्याकडे लायसन्स होतं. मी आमच्या ऑफिसात सीनियर होतो, माझ्या हाताखाली अकरा माणसं होती."

जाईनं फोन खाली ठेवला.

"दोन हजार एक साल. उल्कानं घरी सांगितलं की ती क्वेसीशी लग्न करणार आहे. मी घरात जे बोललो ते तुला सांगणार नाही, मला लाज वाटते. लग्नाला मी गेलो नाही. महिनाभरानं ती एकटी माझ्या ऑफिसात आली. घरी नाही, ऑफिसात. म्हणाली, बाबा, माझ्याशी बोलू नका, पण त्याला एक वर्ष तुमच्याकडे घ्या. हवं तर दुसऱ्या कुणाच्या हाताखाली द्या. मी म्हटलं, जागा नाही."

"नव्हती?"

"होती. दोन आठवड्यांनी मी ती भरली."

वायपर दोनदा फिरले.

"आज मला का सांगताय हे?" तिनं इंग्रजीत विचारलं. घरातल्या नियमाप्रमाणे ती आबांशी नेहमी मराठीत बोलायची.

"परवा तू फॉर्म दाखवलास. त्यात लिहिलं होतं, तुमच्या वाटेत कोणते अडथळे आले. मी रात्रभर त्याचा विचार केला. मी गप्प बसून तुला तिथे सोडून आलो असतो, तर तेही खोटंच झालं असतं."

हॉटेल आल्यावर उतरताना नुसतं "साडेचारला" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आत लॉबीपासूनच गर्दी होती. चारशे-साडेचारशे पोरं असतील. कुणी हॅलिफॅक्सहून बसनं रात्रभर प्रवास करून आलेलं, कुणी मॉन्ट्रियलचं, आपसात फ्रेंच बोलणारं. सूट, वेण्या, हिजाब, एकाचे लाल बूट. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीनं बॅज शोधला आणि "जाई आसामोआ" असं म्हणत आडनाव अगदी बरोबर उच्चारलं. मग मान वर करून म्हणाली, "जाई म्हणजे काय?"

"एक फूल. पांढरं, छोटं. वेलीवर येतं."

"किती छान!" ती मुलगी म्हणाली आणि तिला पिशवी देऊन पुढच्याकडे वळली. अर्धी काय आहेस हे तिनं विचारलं नाही. नंतरही दिवसभरात कुणी विचारलं नाही. तिथे प्रत्येकाच्याच घराण्याचं काहीतरी गुंतागुंतीचं होतं आणि सगळ्यांना नोकरीची पडली होती.

एरवी जाईला याचा केवढा आनंद झाला असता. पण तिच्या डोक्यात "होती, दोन आठवड्यांनी मी ती भरली" हेच फिरत होतं. अकरा वाजता तिचा पहिला इंटरव्ह्यू होता. उत्तर ओंटारिओतल्या जुन्या जलविद्युत केंद्रांची दुरुस्ती करणाऱ्या कंपनीचा. समोर कॅमिल ब्रॅथवेट नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, मूळच्या बार्बाडोसच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी साधा प्रश्न विचारला. पंपाच्या शाफ्टला कंपनं येताहेत, पहिल्यांदा काय तपासशील? जाईला हे झोपेतही येत होतं. ती "अलाइनमेंट" म्हणाली आणि पुढे गप्पच बसली. अर्ध्या मिनिटानं तिचे डोळे भरून आले.

ब्रॅथवेटबाईंनी कागद उलटा ठेवला.

"काही झालंय का?"

"घरचं आहे. आज सकाळीच कळलं. सॉरी."

"कुणाची तब्येत?"

"नाही. तसं काही नाही."

बाईंनी वेळापत्रक पाहिलं. "तीन वाजता माझा चहाचा ब्रेक आहे. चहा मी तसाही गार करूनच पिते. तीनला परत ये. तोवर काहीतरी खा."

जाई लॉबीत आली. तिला वाटलं होतं आबा घरी परतले असतील. ते खिडकीजवळच्या खुर्चीत कोट-टोपीसकट बसले होते. मांडीवर शोभाआजीनं दिलेला डबा होता, न उघडलेला.

"तुम्ही गेला नाहीत?"

"बर्फ वाढलाय. शोभाचा फोन आला, परत चालवू नका म्हणाली. क्वेसी ड्यूटी संपल्यावर येतो म्हणालाय." मग तिच्याकडे नीट पाहून ते म्हणाले, "इंटरव्ह्यू बिघडला."

"हो."

"माझ्यामुळे."

"हो," जाई म्हणाली आणि शेजारी बसली. आता ती मराठीत बोलत होती. "मला तुमचा खूप राग आलाय, आबा. तुम्ही मला सायकल शिकवलीत. फिजिक्समधली फ्री बॉडी डायग्राम शिकवलीत. बाबाला तुम्ही एक वर्ष नाही दिलंत?"

"नाही दिलं."

"त्याला माहीत आहे?"

"मी कधी विचारलं नाही. दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये सगळीकडची वीज गेली होती. आम्ही तेव्हा इथे एटोबिकोलाच चौदाव्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही. क्वेसी दिवसभर लोकांना लिफ्टमधून काढत हिंडला आणि संध्याकाळी दोन कॅन पाणी घेऊन चौदा मजले चढून आमच्या दारात उभा राहिला. त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो. पण ऑफिसातली ती गोष्ट कुणीच काढली नाही. तोही नाही, मीही नाही."

"आणि आजी?"

"तुझी आजी काय! ती पहिल्यापासून दर गुरुवारी लायब्ररीत जाते सांगून उल्का-क्वेसीकडे जायची. पुस्तकांच्या पिशवीला मेथीच्या पराठ्यांचा वास यायचा. मीही कधी विचारलं नाही, कुठलं पुस्तक."

जाईला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. तिनं त्यांच्या मांडीवरचा डबा उघडला. दोघांनी तिखट पुऱ्या खाल्ल्या. जाई उठून गेली नाही.

तेवढ्यात आयोजकांपैकी एक मुलगी हातात क्लिपबोर्ड घेऊन लॉबीत आली आणि फोनवर कुणाला तरी सांगू लागली की रेझ्युमे तपासायला येणाऱ्या सात इंजिनिअरांपैकी चार बर्फात अडकलेत आणि बाहेर पासष्ट जणांची रांग आहे. जाईनं एक पुरी तोंडात असतानाच हात वर केला.

"माझे आजोबा रिटायर्ड इंजिनिअर आहेत. लायसन्स, स्ट्रक्चरल, चाळीस वर्षं."

"जाई!" आबा मराठीत दबक्या आवाजात म्हणाले. "वेडी झालीस का? ही यांची परिषद आहे. मी कोण इथे? आणि मी तुला सकाळी काय सांगितलं?"

"म्हणूनच," जाई म्हणाली. "लोक रांगेत उभे आहेत. उठा."

क्लिपबोर्डवाल्या मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या कानटोपीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "सर, तुम्हाला कॉफी आवडते की चहा?"

आबांना टेबल क्रमांक चार मिळालं. त्यांनी कोट काढला, चष्मा पुसला आणि खिशातली पेन्सिल काढली. पहिल्या मुलीला त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की तिनं बांधलेल्या पुलाच्या मॉडेलबद्दल दोन ओळी आहेत आणि एक्सेल येतं याबद्दल चार. "पूल वर घ्या, एक्सेल खाली." ती हसत गेली. दुसरा, तिसरा, चौथा. जाई जरा वेळ खांबाआड उभी राहून पाहत होती. आबा प्रत्येकाशी अहो-जाहो केल्यासारखं अदबीनं बोलत होते, आणि प्रत्येकाचं नाव कसं उच्चारायचं ते आधी विचारून घेत होते.

सातवा आला तो बत्तीस-तेहतीस वर्षांचा होता. इमॅन्युएल, कॅमेरूनचा. याउंडेला सिव्हिल इंजिनिअरिंग करून तिथे पाच वर्षं पुलांवर काम केलेला. इथे येऊन दीड वर्ष झालं होतं आणि तो एका गोदामात रात्रपाळी करत होता. त्याचा रेझ्युमे आबांनी दोनदा वाचला. पेन्सिल खाली ठेवली.

"यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "हा उत्तम आहे. तुम्हाला कुणी बोलावत का नाही?"

इमॅन्युएलनं खांदे उडवले. "सगळे म्हणतात, इथला अनुभव."

"अजूनही?"

"नियम गेला, सर. सवय नाही गेली."

आबांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी त्याला पुलांबद्दल विचारायला सुरुवात केली. कुठली नदी, दोन खांबांमधला स्पॅन किती, पुरात पाया कसा राखला. पाच मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. रांगेतली पोरं कुरकुरायला लागली तशी क्लिपबोर्डवालीनं त्यांना दुसऱ्या टेबलाकडे वळवलं. शेवटी आबांनी फोन काढला आणि मार्कहॅमला राहणाऱ्या नंदनला लावला. नंदन पूर्वी त्यांच्या हाताखाली होता, आता त्याच ऑफिसचा प्रमुख झाला होता.

"नंदन, शनिवारी त्रास देतोय. नाही नाही, तब्येत उत्तम आहे. माझ्यासमोर एक माणूस बसलाय. त्याच्याशी तू अर्धा तास बोलावंस. बाकी काही नको. शिफारस म्हणून नको, तू स्वतः बोल, पुरातला पाया विचार त्याला, मग ठरव." पलीकडचं थोडं ऐकून ते म्हणाले, "जागा नाही असं म्हणू नकोस बाबा. असली-नसली तरी आधी बोल."

मंगळवारी सकाळी दहाची वेळ ठरली. इमॅन्युएलनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. आबांनी तो अवघडून सोडवून घेतला आणि म्हणाले, "माझे आभार मानू नका. खरंच नका मानू."

तीन वाजता जाई परत ब्रॅथवेटबाईंसमोर बसली. शाफ्टचा प्रश्न तिनं दोन मिनिटांत संपवला. मग बाईंनी विचारलं, मशीन पहिल्यांदा जवळून कधी पाहिलंस? जाईनं सांगितलं, चौदा वर्षांची असताना बाबा एकदा तिला लिफ्टच्या मशीनरूममध्ये घेऊन गेले होते. ब्रेकची चाचणी करताना ते डोळे मिटून आवाज ऐकत होते. मीटरवर आकडा यायच्या आधीच त्यांनी सांगितलं होतं, डावीकडचं पॅड झिजलंय.

"मीटरनं काय सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"डावीकडचं पॅड."

बाई हसल्या. चहा खरंच गार झाला होता. "उन्हाळ्यात उत्तरेला टिमिन्सच्याही पुढे राहावं लागेल. चार महिने. माश्या भयंकर चावतात, काळ्या, बारीक. हे मी सगळ्यांना आधीच सांगते."

"चालेल," जाई म्हणाली.

साडेपाचला क्वेसी आपली कामाची व्हॅन घेऊन आले. पायात सेफ्टी बूट, जॅकेटवर ग्रीसचा डाग. जाई त्यांना इंटरव्ह्यूचं सांगू लागली तोच आबा पुढे झाले आणि इंग्रजीत म्हणाले, "क्वेसी, गाडीत बसण्याआधी दोन मिनिटं."

लॉबीच्या कोपऱ्यात जाईसमोरच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. जागा होती हे सांगितलं. खोटं बोललो हे सांगितलं. क्वेसी हातमोजे काढून ऐकत होते.

"मला माहीत आहे, बाबा," ते म्हणाले. सासऱ्यांना ते उल्कासारखंच बाबा म्हणायचे. "ज्याला तुम्ही घेतलंत त्याची बायको उल्काच्या फार्मसीत यायची. आम्हाला त्याच महिन्यात कळलं."

आबांनी विचारलं, "मग तू पाणी घेऊन कसा आलास?"

"वर शोभाआई होत्या." क्वेसी म्हणाले. "राग होता. पुष्कळ होता. सहाव्या मजल्यापर्यंत होता, नंतर फक्त दम लागला होता."

जाई आधी हसली. मग क्वेसी. आबांना हसता आलं नाही, त्यांनी चष्मा काढला.

"चूक होती ती," क्वेसी शांतपणे म्हणाले. "मोठी चूक होती. माझं काम मला आवडतं, म्हणून ती लहान होत नाही. पण तुम्ही तोंडानं सांगाल याची मी वाट पाहत होतो. बावीस वर्षांनी का होईना, सांगितलंत. बरं वाटलं." आणि त्यांनी सासऱ्यांच्या खांद्याभोवती हात टाकला. "चला, भूक लागलीय मला. यांचं जेवण संपलं का?"

जेवण संपलं नव्हतं. वरच्या हॉलमध्ये समारोपाचं जेवण सुरू होतं आणि क्लिपबोर्डवाल्या मुलीनं टेबल क्रमांक चारच्या सरांना आणि त्यांच्या जावयाला आग्रहानं बसवून घेतलं. क्वेसी ग्रीसच्या जॅकेटातच बसले आणि त्यांच्या टेबलावर घानाचे तीन विद्यार्थी निघाले. जोलोफ भात कुठला चांगला, घानाचा की नायजेरियाचा, यावरून शेजारच्या टेबलाशी जोरदार वाद झाला. आबांनी दोन्ही चाखले आणि मत द्यायला नकार दिला.

इमॅन्युएलला नंदननं आधी तीन महिन्यांसाठी घेतलं, मग कायम केलं. ते कळवायला त्यानं आबांना फोन केला, तेव्हा आबांनी त्याला नदीच्या पायाबद्दलच पुन्हा दहा मिनिटं विचारलं. क्वेसींनी लायसन्ससाठी अर्ज करावा असं आबांनी एकदा सुचवून पाहिलं. क्वेसी म्हणाले, "आता छपन्नाव्या वर्षी परीक्षा? तुम्ही बसा माझ्याऐवजी." तो विषय तिथेच संपला, आणि कुणाला वाईट वाटलं नाही.

मे महिन्यात जाई उत्तरेला गेली. पहिल्या आठवड्यात तिला सगळ्यात लहान मापाचं हेल्मेटही मोठं झालं. वीजकेंद्र शंभर वर्षांचं होतं, आत शिरलं की जमीन पायाखाली बारीक थरथरायची. दुसऱ्या रविवारी तिनं घरी व्हिडिओ कॉल केला. मानेवर माश्यांच्या चाव्यांच्या गांधी उठल्या होत्या आणि ती एका दमात टर्बाइनबद्दल बोलत होती. शोभाआजी औषध विचारत होती, उल्का मलमाचं नाव सांगत होती, क्वेसी मागून ओरडत होते की कॅमेरा फिरव, मशीन दाखव. जाईनं कॅमेरा फिरवला. खिडकीबाहेर नदी दुपारच्या उन्हात चमकत होती, आणि ती म्हणाली, "थांबा हं, आधी हे बघा."